लॅपटॉपचं वायफाय बंद करून बॅटरी वाचवायची, तर कोणत्या क्रमाने?

संध्याकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी काखेत लॅपटॉप मारून येतं. तक्रार एकच असते: "वायफाय बंद केलं तरी बॅटरी तशीच उतरते." मी विचारतो, "बंद केलं म्हणजे काय केलं?" उत्तर येतं, "डिस्कनेक्ट केलं." घोळ तिथेच आहे. डिस्कनेक्ट करणं आणि बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा बॅटरीला जवळजवळ काहीच उपयोग नाही.

ज्यांनी खरोखर बंद केलेलं असतं त्यांची अडचण वेगळी असते. अर्ध्या कामात कळतं की फाइल लॅपटॉपवर नाहीच, क्लाउडवर आहे. मग वायफाय पुन्हा लावायचं, तेवढ्यात अपडेट सुरू होतं आणि वाचवलेलं सगळं खर्च होतं. म्हणून बटण कुठे आहे हे मी तिसऱ्या टप्प्यात सांगणार आहे. पहिले दोन टप्पे गाळून थेट तिथे जाऊ नका.

## आधी हिशेब, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील

लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-तासाचा आकडा छापलेला असतो. साध्या घरगुती लॅपटॉपमध्ये तो बहुधा 40 ते 60 च्या दरम्यान असतो. 42 धरू. लॅपटॉप सरासरी 6 वॅट खात असेल तर 42 भागिले 6, म्हणजे 7 तास.

आता वायफाय. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड, म्हणजे आतला छोटा रेडिओ, जोडलेलं आहे पण काही येत-जात नाही, अशा वेळी ते एका वॅटच्याही आत भागवतं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी आहे' असा इशारा सोडतो. कार्ड तेवढ्यापुरतं जागं होतं आणि मधल्या वेळात डुलकी काढतं. मोठी फाइल उतरवताना किंवा व्हिडिओ बघताना मात्र ते दीड-दोन वॅटपर्यंत जाऊ शकतं. समजा वायफाय बंद करून अर्धा वॅट वाचला. 42 भागिले साडेपाच, म्हणजे 7 तास 38 मिनिटं. 38 मिनिटांचा फायदा झाला.

हाच लॅपटॉप पडदा पूर्ण उजळ ठेवून, ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडून 14 वॅट खात असेल तर तो 3 तास चालतो. तोच अर्धा वॅट वाचवला तर जेमतेम 7 मिनिटं मिळतात. बाकीची उधळपट्टी आवरल्याशिवाय वायफाय बंद करण्यात राम नाही.

खरा फायदा कार्डाच्या विजेपेक्षा दुसरीकडे जास्त आहे. नेट तुटलं की मागे चाललेली कामं थांबतात: फोटो क्लाउडवर चढवणं, अपडेट उतरवणं, मेल तपासणं, प्रत्येक टॅबमधल्या जाहिराती ताज्या होणं. ही कामं प्रोसेसरलाही जागं ठेवतात, आणि प्रोसेसर वायफायपेक्षा कितीतरी खादाड असतो.

## टप्पा 1: नेटशिवाय लागणारं सगळं लॅपटॉपवर आणून ठेवा

हे चार्जर लावलेला आणि वायफाय चालू असताना करायचं. घाई नको, अर्धा तास हाताशी ठेवा.

फाइली. वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलीच्या नावाशेजारचं चिन्ह बघा. निळा ढग म्हणजे फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त तिचं नाव आहे. पांढऱ्यावर हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल सध्या आहे, पण जागा कमी पडली की ती पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण दिसली की निश्चिंत व्हा. ती आणण्यासाठी फाइलवर किंवा आख्ख्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. मोठा फोल्डर असेल तर उतरायला वेळ लागतो. चिन्ह भरीव होईपर्यंत थांबा.

गुगल डॉक्सवाल्यांनी क्रोममध्ये गुगल ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑफलाइन'ची खूण करायची. मग ज्या फाइली हव्यात त्यांच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'अव्हेलेबल ऑफलाइन' लावायचं. इनकॉग्निटो खिडकीत हे चालत नाही. जीमेललाही ऑफलाइनची सोय आहे, तीही क्रोममध्येच लावा. मागच्या 7, 30 की 90 दिवसांच्या मेल ठेवायच्या ते तिथेच विचारलं जातं. 30 पुरतात.

मराठी टायपिंग. यावर जरा रेंगाळतो, कारण आपल्या लोकांची सगळ्यात मोठी फजिती इथेच होते. नारायणबागेतल्या एक काकू महिला मंडळाचं इतिवृत्त लॅपटॉपवर लिहितात. मी त्यांना वायफाय बंद करायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, त्यांनी शिकवल्याप्रमाणे वायफाय बंद केलं आणि पाचच मिनिटांत फोन आला: "अरे, मराठी उमटतच नाहीये! मी नमस्कार लिहिते आणि इंग्रजीच राहतंय." काकू ब्राउझरमधल्या ज्या साधनावर टाइप करत होत्या, ते प्रत्येक शब्द नेटवरून मागवत होतं. रोमनमध्ये लिहा, स्पेस दाबा, मराठी होईल, हा खेळ नेट असेपर्यंतच चालतो.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे. मे 2019 च्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड (रोमनमध्ये लिहा, मराठी उमटेल असा) आलेला आहे, विंडोज 11 मध्येही आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज' (विंडोज 11 मध्ये 'लँग्वेज अँड रीजन'), तिथे मराठी भाषा जोडा. भाषेच्या पर्यायांत 'अ‍ॅड अ कीबोर्ड' करून 'मराठी फोनेटिक' घ्या. भाषा जोडायला नेट लागतं, वापरायला लागत नाही. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. शाळेत इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांनी इन्स्क्रिप्ट घ्यावा, तोही नेटशिवाय चालतो.

तपासा: कीबोर्ड जोडून झाला की नोटपॅड उघडा, वायफाय दोन मिनिटं बंद करा आणि 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण', 'ऱ्हास' हे तीन शब्द लिहून बघा. जमले तर पुढे चला. 'ऱ्हास' अडला तर आत्ताच शोधा, गाडीत बसल्यावर नाही.

बाकी किरकोळ. ऑफिसचं वर्गणीवालं पॅकेज असेल तर त्याला महिन्यातून एकदा तरी नेट दाखवावं लागतं, नाहीतर फाइल उघडते पण बदल करू देत नाही. बघायचा व्हिडिओ, वाचायचं पीडीएफ, तिकीट, हॉटेलचं बुकिंग उतरवून ठेवा. ज्याची वाट बघताय ती मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप निरोप फोनवर येईल अशी सोय करा.

सावधान: विंडोजचं अपडेट अर्ध्यावर असेल तर ते पुरं होऊ द्या, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मगच बॅटरीवर या. अर्धवट अपडेट नेट नसतानाही मागे कुरतडत बसतं.

## टप्पा 2: आधी पडदा, मग वायफाय

पूर्ण उजेडावरचा पडदा सहज 3 ते 6 वॅट खातो, वायफायच्या कितीतरी पट. म्हणून उजेड आधी कमी करा. घरात, रात्री, 30 ते 40 टक्के पुरतो. दुपारी गच्चीत बसून हे जमणार नाही. तिथे वायफायच्या गोष्टी करण्यापेक्षा सावलीत या.

कीबोर्डखालचे दिवे बंद करा. वापरात नसलेले टॅब बंद करा. खाली उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणात कोणकोणती अ‍ॅप दबा धरून बसलीयत ते बघा आणि नको त्यांना निरोप द्या. बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज 11 मध्ये 'एनर्जी सेव्हर') विंडोज आपणहून लावतं, पण बॅटरी बरीच उतरल्यावर. तुम्ही तो सुरुवातीपासून हाताने लावा.

एवढं करून झालं असेल तरच पुढच्या टप्प्याला अर्थ आहे.

## टप्पा 3: वायफाय खरोखर बंद करणं

### विंडोज 11

विंडोजची कळ धरून ए दाबा. उजवीकडे छोटी चौकट उघडते. तिच्यातल्या वायफायच्या चौकोनाचे दोन भाग आहेत आणि गडबड इथेच होते. डावीकडचा भाग, जिथे पंख्यासारखं चिन्ह आहे, तो चालू-बंद करतो. उजवीकडचा बाण नेटवर्कांची यादी उघडतो. लोक बाण दाबतात, यादीत आपल्या घरचं नाव बघतात, त्याखालचं 'डिस्कनेक्ट' दाबतात आणि समाधानाने बसतात. कार्ड मात्र जागंच राहतं. उलट आता त्याला जोडायला कुणी नसतं, म्हणून ते अधूनमधून आजूबाजूला चाचपडत राहतं. ओळखीचं दुसरं नेटवर्क सापडलं, समजा फोनचा हॉटस्पॉट, तर आपणहून जाऊन चिकटतं.

डावा भाग दाबा. निळा रंग जाऊन तो फिका झाला पाहिजे.

### विंडोज 10

घड्याळाजवळच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. वर यादी येईल, खाली दोन-तीन चौकोन. त्यातला 'वायफाय' लिहिलेला खालचा चौकोन दाबा, वरच्या यादीला हात लावू नका. बंद केल्यावर विंडोज 10 विचारतं की पुन्हा कधी लावू: हाताने, 1 तासाने, 4 तासांनी की एका दिवसाने. इथे 'मॅन्युअली' हवं. एक गृहस्थ माझ्यावर चिडून आले होते की वायफाय भुतासारखं आपोआप लागतं. त्यांनी कधीतरी '1 तास' निवडून ठेवलं होतं.

### मॅक

वरच्या पट्टीतलं वायफायचं चिन्ह दाबा आणि नावाशेजारची कळ सरकवा. मॅकवर ही कळ कार्ड खरोखर बंद करते. हे मुद्दाम सांगतो, कारण आयफोनवर तसं नाही. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण फक्त जोडणी तोडतं, तीही दुसऱ्या दिवशी पहाटे 5 पर्यंतच. आयफोनची सवय असलेले लोक मॅकवरही शंका घेत बसतात आणि मॅकची सवय असलेले आयफोनवर फसतात. आयफोनवर पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

### लिनक्स

उबुंटूमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत वायफायचं बटण आहे. टर्मिनल आवडणाऱ्यांनी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यावी. ती प्रत्येक रेडिओपुढे दोन ओळी दाखवते: 'सॉफ्ट ब्लॉक्ड' म्हणजे सॉफ्टवेअरने बंद, 'हार्ड ब्लॉक्ड' म्हणजे कळ किंवा खटक्याने बंद. पहिली 'येस' आली की काम झालं. दुसरी 'येस' असेल तर आज्ञा देऊन ते परत चालू होणार नाही, खटका शोधा.

### कीबोर्डवरची कळ

बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असतं. कुठे ते नुसतं दाबायचं, कुठे एफएन धरून. जुन्या यंत्रांना कडेला सरकता खटका असायचा. बॅगेत घालताना तो सरकला की "वायफाय बिघडलं" म्हणून लोक जेल रोडच्या दुकानांत चकरा मारायचे. कळ वापरायला हरकत नाही, पण ती बहुधा विमान मोड लावते, म्हणजे ब्लूटूथही जातं. ब्लूटूथचा माउस असेल तर तो तिथेच थिजेल.

तपासा: आता वायफायची यादी उघडायचा प्रयत्न करा. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची नावं दिसतायत? मग रेडिओ चालू आहे, तुम्ही फक्त डिस्कनेक्ट केलंय. एकही नाव दिसत नसेल तर बंद झालं. कोपऱ्यातल्या पृथ्वीगोलाच्या चिन्हावर विसंबू नका, ते दोन्ही वेळा दिसू शकतं. आमच्या गल्लीत चालू वायफायला दहा-बारा नावं तरी दिसतात, त्यामुळे ही परीक्षा इथे हुकत नाही.

सावधान: डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपमधल्या भागांची विंडोजमधली यादी) जाऊन वायफाय कार्ड 'डिसेबल' करू नका. व्हिडिओ बघून पुष्कळ जण करतात. त्याने जास्त बॅटरी वाचते असं नाही, आणि महिनाभराने वायफायचं बटणच गायब दिसतं तेव्हा आपणच काय केलं होतं ते आठवत नाही. तिथे 'अनइन्स्टॉल' तर मुळीच नको.

## टप्पा 4: ब्लूटूथ आणि केबलचा सापळा

ब्लूटूथ स्वतः फार कमी खातं. माउस किंवा हेडफोन त्यावर असतील तर खुशाल चालू ठेवा, नसतील तर बंद करा. विंडोजमध्ये विमान मोड लावून नंतर ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. यूएसबीत छोटं टोपण खोचून चालणारा माउस विमान मोडला जुमानत नाही, तो चालूच राहतो.

केबलचा सापळा मात्र मोठा आहे. वायफाय बंद करून काही हुशार मंडळी फोन केबलने लॅपटॉपला जोडतात आणि फोनचं नेट घेतात. "वायफाय तर बंद आहे ना!" आहे, पण फोन आता लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होतोय. साधं यूएसबी 2 चं तोंड 5 व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. निळ्या जिभेचं यूएसबी 3 असेल तर 0.9 अँपिअर, साडेचार वॅट. टाइप-सी त्याहून जास्त देऊ शकतं. म्हणजे अर्धा वॅट वाचवून अडीच ते साडेचार वॅट फोनला पाजले. आमच्या इथल्या एका कॉलेजकुमाराची सगळी तक्रार फक्त ही केबल काढल्याने मिटली.

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, यूएसबीचा पंखा, दिवा, सगळं उपटून ठेवा.

## टप्पा 5: झाकण लावण्यापूर्वी

रात्री 80 टक्के असलेला लॅपटॉप झाकण लावून ठेवला आणि सकाळी 55 वर सापडला, बॅगेतून काढला तर कोमट, असं होत असेल तर दोष बॅटरीचा असेलच असं नाही. हल्लीचे पुष्कळ लॅपटॉप झोपेतही अर्धवट जागे असतात, फोनसारखे, आणि त्या अवस्थेत वायफायवरून मेल आणि अपडेट बघत राहू शकतात.

तुमचा त्या जातीचा आहे का हे कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, कळतं. 'पॉवर' हा शब्द इंग्रजीत लिहा, त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि ए. उत्तरात 'स्टँडबाय' शब्दापुढे कंसात 'एस-शून्य लो पॉवर आयडल' असं आलं आणि ते उपलब्ध यादीत असेल, तर तो अर्धवट जागणाऱ्यांपैकी आहे.

अशा लॅपटॉपचं वायफाय झाकण लावण्याआधी बंद करा. वायफाय बंद करण्याचा सगळ्यात ठळक फायदा मी इथेच पाहिला आहे. रात्रभर किंवा प्रवासभर ठेवायचा असेल तर 'हायबरनेट' (उघडं काम डिस्कवर जपून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) त्याहून चांगलं. कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्यावर खाली हायबरनेटची चौकट खूण करण्याजोगी होते. एकदा खूण केली की ते बंद करण्याच्या मेनूत कायमचं येतं.

मॅकवर बॅटरीच्या सेटिंग्जमधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस' आहे. त्यात 'ओन्ली ऑन पॉवर अ‍ॅडॉप्टर' ठेवा.

इंदूर-पुणे करणाऱ्यांसाठी एक जोड. आपली गाडी पश्चिम रेल्वेच्या हद्दीतून सुटते, आणि या रेल्वेने 2021 मध्ये रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंगचे प्लग बंद ठेवायला सुरुवात केली. "रात्री गाडीत चार्ज करू" या भरवशावर निघू नका. संध्याकाळी, प्लगमध्ये जीव असताना, चार्ज पुरा करा. बसने जात असाल तर सेंधव्याच्या घाटात तसंही नेट धड मिळत नाही. तिथे फोनचा हॉटस्पॉट आणि लॅपटॉपचं वायफाय दोन्ही चालू ठेवणं म्हणजे दोन बॅटऱ्या एकदम उतरवणं.

## टप्पा 6: मोजून बघा, अंदाजाने नको

80 टक्क्यांवर सुरुवात करा. पडद्याचा उजेड ठरवून ठेवा आणि तोच कायम ठेवा. वायफाय चालू ठेवून अर्धा तास एकच काम करा, समजा मजकूर लिहिणं, आणि किती टक्के गेले ते कागदावर लिहा. मग वायफाय बंद करून तेच काम अर्धा तास. 100 वरून किंवा 20 च्या खाली मोजू नका, टोकांना टक्केवारीचा काटा नीट बोलत नाही. एका मोजणीवर विश्वासही नको, दोन दिवस करा.

फरक दिसलाच नाही तर बॅटरीचं वय तपासा. टप्पा 5 मधलीच आज्ञा, फक्त तिरप्या रेघेनंतर ए ऐवजी 'बॅटरी' आणि 'रिपोर्ट' हे दोन इंग्रजी शब्द सलग जोडून लिहा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही खाली दाखवलं जातं. ब्राउझरमध्ये उघडली की दोन ओळी शोधा: 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. पहिली 42,000 आणि दुसरी 21,000 असेल तर तुमची बॅटरी निम्मी उरली आहे. मग वायफायमागे लागण्यापेक्षा नव्या बॅटरीची चौकशी करा.

## नेट हवंच असेल तेव्हा

सगळ्यांना पूर्ण बंद परवडत नाही. मधला मार्ग 'मीटर्ड कनेक्शन'. वायफाय जोडलेलं असताना त्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ही कळ आहे. ती लावली की विंडोजची बहुतेक अपडेटं थांबतात आणि वनड्राइव्हही विश्रांती घेतं. मेल आणि ब्राउझर चालू राहतात.

दुसरं, राउटरजवळ बसा. जुन्या वाड्यांच्या दीड-दोन हात जाड भिंतींमागे सिग्नल एकाच दांडीचा उरतो. तिथे तीच फाइल पाठवायला कार्डाला जास्त वेळ बोलत राहावं लागतं, हुकलेलं पुन्हा पाठवावं लागतं. माजघरातून ओसरीवर आलात तरी फरक पडतो.

तिसरं, मेल पाहण्याच्या वेळा ठरवा. दर तासाला पाच मिनिटं वायफाय लावायचं, पाठवायचं, घ्यायचं, बंद. दर दोन मिनिटांनी चालू-बंद करणं मात्र व्यर्थ आहे. प्रत्येक वेळी शोधणं, जोडणं आणि साठलेलं सगळं एकदम ओढणं होतं.

## टप्पा 7: परत चालू करताना

हा टप्पा सगळे विसरतात. क्रम असा: आधी चार्जर लावा, मग वायफाय. दिवसभर अडवलेली सगळी कामं एकदम धावून येतात. बॅटरी 12 टक्क्यांवर असताना वायफाय लावलं तर लॅपटॉप त्या गर्दीतच मान टाकतो.

चालू झाल्यावर लगेच झाकण लावू नका. मेलच्या 'आउटबॉक्स'मध्ये अडकलेलं सगळं गेलं का बघा. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी गाडीतून अर्ज 'पाठवला', घरी येऊन वायफाय लावलं, लगेच झाकण मिटलं आणि पोहे टाकायला गेल्या. अर्ज दुसऱ्या दिवशी गेला, मुदत संपल्यावर.

ऑफलाइन बदललेली फाइल फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर इतक्यात उघडू नका. क्लाउडवर अजून जुनी प्रत असेल आणि तुम्ही तीत लिहिलंत, तर दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि मग रात्री बसून परिच्छेद जुळवावे लागतात. चिन्हावरचे गोल फिरणारे बाण थांबून बरोबरची खूण आली की फाइल वर पोहोचली.

बटण दाबूनही वायफाय लागलं नाही तर या क्रमाने जा: विमान मोड बंद आहे का, कडेचा खटका किंवा एफएनची कळ दाबली गेली आहे का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर खाली वळलेला छोटा बाण तर नाही ना. तो बाण असेल तर उजवी क्लिक करून 'इनेबल'. हे तिन्ही ठीक असूनही लागत नसेल तर एकदा रीस्टार्ट करा, नुसतं शटडाउन करून चालू करू नका. विंडोजचं शटडाउन बऱ्याचदा आतली स्थिती जपून ठेवतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तसाच अडकून राहतो.